वस्तीतली विहीर सुरुंगाशिवाय खोल करताना: हायड्रॉलिक स्प्लिटरने काळा पाषाण कसा फोडावा

आमची विहीर पुणे जिल्ह्यात, गावठाणाला लागून आहे. व्यास सोळा फूट, खोली चौतीस फूट. होळीनंतर तिचे पाणी तळाला जात असे आणि वैशाखात पंप चालू केला की अर्ध्या तासात हवा ओढू लागे. आठ फूट खोल करायचे ठरले तेव्हा पहिला प्रश्न सुरुंगाचा आला, कारण शेजाऱ्यांच्या घराची भिंत विहिरीच्या काठापासून जेमतेम पंचवीस फुटांवर आहे आणि विहिरीचे वरचे बांधकाम आजोबांच्या काळातील, चुन्यातले आहे. सुरुंगाचा हादरा त्या दोन्हींना सोसला नसता. शेवटी भोके पाडून हायड्रॉलिक स्प्लिटरने, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पाचरेने, खडक फोडला. काम झाले, पण पहिले चार दिवस निव्वळ अज्ञानात वाया गेले. ते तुमचे वाया जाऊ नयेत म्हणून हा लेख लिहिला आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. यंत्र किती टन जोर लावते हे विक्रेता पुन्हा पुन्हा सांगेल, पण खडक फुटतो तो त्याला सरकायला जागा असेल तरच. काळा पाषाण दाबाला भलताच कणखर असतो; ओढीला मात्र त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शातच फाटतो. स्प्लिटर याच दुबळेपणाचा फायदा घेतो आणि भोकाच्या आतून दगड दोन बाजूंना ढकलतो. यांपैकी एकाही बाजूला रिकामी जागा नसेल, तर तो सगळा जोर अखंड खडकात जिरतो.

१. आधी खडक ओळखा

दख्खनच्या पठारावरचा आपला खडक लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे, त्यामुळे एकाच विहिरीत आठ-दहा फुटांच्या अंतरात तीन प्रकारचे दगड भेटतात. पाणी उपसल्यावर, भाग ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे आतली हवा तपासून मगच दोर धरून खाली उतरा आणि विहिरीच्या भिंती नीट पाहा. वर माती आणि मुरूम, त्याखाली सच्छिद्र, पांढरे ठिपके असलेला खडक आणि मग घट्ट काळा पाषाण, असा क्रम बहुधा दिसतो. दोन थरांच्या मध्ये कधी गेरूसारखा तांबडा पट्टाही असतो.

हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर स्प्लिटर चालेल. बद्द आवाज आला, किंवा पहारीच्या टोकाने खडकाचा चुरा निघाला, तर स्प्लिटरचा उपयोग नाही, कारण मऊ खडकात पाचर दगड फाडण्याऐवजी भोकाच्या भिंतीत रुतून बसते. तिथे साधा हातब्रेकर किंवा पहारच बरी. तळाशी नैसर्गिक भेगा, ज्यांना आमच्याकडे सांधे म्हणतात, कोणत्या दिशेने जातात हे तेलरंगाने आखून ठेवा. पुढे अर्धे काम त्या भेगाच करतील.

तांबडा थर लागला तर सावध व्हा. तो कोरडा असताना घट्ट वाटतो, पण पाण्याने सुटतो, ढासळतो आणि वरच्या पाषाणाचा आधार काढून घेतो. त्या पट्ट्याला वेळीच बांधकाम करून घ्यावे लागते. त्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.

२. कागदपत्रे आणि संमती

सुरुंगासाठी १८८४ चा स्फोटके कायदा आणि २००८ ची स्फोटके नियमावली यांनुसार परवाने लागतात. स्प्लिटरमध्ये स्फोटक नसल्याने ते परवाने लागत नाहीत. मात्र ‘काहीच लागत नाही’ हे कंत्राटदाराचे वाक्य अर्धेच खरे आहे. पुढील गोष्टी हाताशी असू द्या:

- चालू सातबारा, ज्यावर विहिरीची नोंद आहे. विहीर सामाईक असल्यास सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. भावकीतल्या तोंडी होकारावर काम सुरू करू नये, हे मी विशेष करून लिहितो.
- ग्रामपंचायतीला दिलेल्या पत्राची पोच. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा स्रोत पाचशे मीटरच्या आत असेल, तर भूजल अधिनियम, २००९ मधील निर्बंध लक्षात घेऊन खोदकामाआधीच लेखी विचारणा करा.
- दगड स्वतःच्या शेताबाहेर न्यायचा किंवा विकायचा असल्यास तहसील कार्यालयाकडून स्वामित्वधन आणि वाहतूक परवान्याची माहिती. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली विनापरवाना गौण खनिजावर दंड होतो आणि वाहनही अडकते. ‘माझ्याच विहिरीतला दगड आहे’ हे उत्तर रस्त्यावर चालत नाही.
- मजुरांच्या अपघात विम्याची प्रत. विमा कंत्राटदाराचा असला तरी ती प्रत तुमच्याकडे हवी.
- शेजारच्या घरांच्या भिंतींची, जुन्या तडांसह, तारीख दिसणारी छायाचित्रे. स्प्लिटरने हादरा बसत नाही, तरीही नंतरचा वाद टळतो.

३. यंत्रसामग्री ठरवताना

लागणारी अवजारे अशी: दगडात भोके पाडणारे ड्रिल, स्प्लिटर आणि त्याचा पॉवर पॅक (त्याला दाबाने तेल पुरवणारा, इंजिन किंवा मोटरवर चालणारा पंप), दगड वर काढायला यारी, पाणी उपसायला पंप, हवा खेळती ठेवायला ब्लोअर, आणि पहार, घण, छिन्नी ही नेहमीची हत्यारे.

पहिली फसगत ड्रिलच्या मापात होते. आपल्याकडे ट्रॅक्टर कॉम्प्रेसरवाले जी जॅकहॅमरची सळई घेऊन येतात तिचे टोक साधारण ३२ ते ३४ मिलिमीटरचे असते, कारण ते माप सुरुंगाच्या कांडीसाठी आहे. हातात धरून वापरायच्या पाचरेच्या स्प्लिटरला मात्र साधारण ४५ ते ४८ मिलिमीटरचे भोक लागते. आमच्या पहिल्या कंत्राटदाराने दिवसभरात बावीस भोके पाडली आणि संध्याकाळी स्प्लिटर आणून लावला, तर तो एकाही भोकात शिरेना. दुसऱ्या दिवशी निमुळती सळई आणि ४५ मिलिमीटरचे बटण बिट (सळईच्या टोकाला बसणारा, दगड फोडणारा भाग) आणून तीच भोके पुन्हा मारावी लागली. म्हणून आधी स्प्लिटर ठरवा, त्याच्या पुस्तिकेतील भोकाचा व्यास आणि खोली लिहून घ्या आणि मगच ड्रिलवाल्याशी बोला. स्प्लिटरचा दुसरा प्रकार दट्ट्यांचा असतो. त्याला याहून बरेच मोठे भोक लागते आणि तो क्रॉलर ड्रिलबरोबर खाणीत शोभतो. सोळा फुटी विहिरीत त्याच्या नादी लागू नका.

दुसरी फसगत पॉवर पॅकची. हल्ली हायड्रॉलिक ड्रिलही भाड्याने मिळते. ते कॉम्प्रेसरच्या जॅकहॅमरपेक्षा कमी इंधनात चालते. पण एकाच पॅकवर ड्रिल आणि स्प्लिटर दोन्ही चालतील असे गृहीत धरू नका. ड्रिलला तेलाचा प्रवाह भरपूर लागतो, मिनिटाला वीस ते तीस लिटर, आणि दाब त्या मानाने कमी, शंभर-सव्वाशे बारच्या आसपास. स्प्लिटरचे उलट असते: तेल थोडे, पण दाब सुमारे ५०० बारपर्यंत. ही दोन वेगळी पंपांची कामे आहेत. शिवाय हायड्रॉलिक ड्रिलला भोकातला चुरा बाहेर काढायला वेगळी हवा किंवा पाणी लागतेच. आमच्या तालुक्यात कॉम्प्रेसर सहज मिळत होता म्हणून आम्ही भोके हवेच्या जॅकहॅमरने पाडली आणि फोडायला तेवढा स्प्लिटर घेतला. नवख्याने हीच जोडी घ्यावी, असे माझे मत आहे.

पॅक विजेचा असेल तर शेतीच्या थ्री-फेजचे वेळापत्रक पाहा. रात्रपाळीची वीज असेल तर विहिरीत अंधारात काम करण्यापेक्षा डिझेलचा पॅक परवडतो. पॅक कोणताही असो, तो काठावरच राहील इतके लांब पाइप मागवा. चौतीस फुटांच्या विहिरीला आम्हांला साठ फुटांचे पाइप लागले.

४. विहिरीत उतरण्यापूर्वी

काम चैत्र-वैशाखात, पाणी सर्वांत खाली असताना घ्या. पाणी उपसल्यावर लगेच कोणी उतरू नये. जुन्या विहिरीच्या तळाशी कोंडलेली हवा असते, आणि मेणबत्ती सोडून पाहण्याच्या जुन्या रीतीने प्राणवायू फारच कमी असेल तर कळते, पण विषारी वायू कळत नाहीत. वायू मोजण्याचे छोटे उपकरण भाड्याने मिळते, ते दोरीने तळापर्यंत सोडून पाहा, आणि ब्लोअर दिवसभर चालू ठेवा.

पंप, जनरेटर किंवा पॅकचे इंजिन कोणत्याही कारणाने विहिरीत उतरवू नका. ‘पाच मिनिटांचे काम आहे’ असे म्हणत इंजिन खाली नेल्याने त्याच्या धुरात माणसे गेली आहेत. खालचा माणूस कोसळला तर त्याला उचलायला दुसऱ्याने तसेच उतरू नये. ब्लोअर आणि पाठीचा पट्टा यांखेरीज सुटका करू पाहणाराही तिथेच पडतो.

यानंतर तळ झाडून घ्या आणि जुन्या सुरुंगाची भोके शोधा. आमच्या विहिरीत पूर्वीच्या खोदाईची पाच-सहा अर्धवट भोके निघाली. नवशिक्याला ती आयती भोके वाटतात आणि तो त्यातच ड्रिल घालतो. त्यात न फुटलेली दारू असू शकते. अशा भोकात किंवा त्याच्या लगत ड्रिल कधीही लावू नका. शंका आली तर काम थांबवा, पोलिसांना कळवा आणि परवानाधारक माणसाकडून तपासून घ्या.

५. मोकळी बाजू तयार करा

डोंगराच्या कडेला किंवा खाणीत दगडाची एक बाजू आयती उघडी असते. विहिरीच्या तळाशी तसे नसते. तिथे खडक खालून आणि चारी बाजूंनी आवळलेला असतो. सपाट तळावर मधोमध एक भोक पाडून स्प्लिटर लावला तर दाबाचा काटा टोकाला जातो, यंत्र कण्हते आणि खडकाला केसाएवढीही रेघ पडत नाही. आमचा दुसरा आणि तिसरा दिवस यातच गेला. ऑपरेटरने यंत्राला दोष दिला, यंत्रवाल्याने खडकाला.

उपाय असा. पंपाचा फूटव्हॉल्व्ह जिथे बसणार ती जागा निवडा. तिथे दीड-दोन फूट लांबी-रुंदीच्या चौकोनात, एकमेकांपासून तीन-चार इंचांवर, दाट भोके पाडा. भोकांमधले पातळ पडदे हातब्रेकरने आणि छिन्नीने फोडून दोन-सव्वादोन फूट खोल खड्डा मोकळा करा. हे काम किचकट आहे आणि स्प्लिटरचा यात काडीचाही उपयोग नाही. पण हा खड्डा तयार झाला की त्याच्या चारही भिंती म्हणजे तुमच्या मोकळ्या बाजू होतात. पाझरणारे पाणीही त्यातच गोळा होते आणि उपसा सोपा होतो. नैसर्गिक सांधा तळातून जात असेल तर खड्डा त्याला लागून घ्या, मेहनत निम्मी होते.

६. भोके आखणे आणि पाडणे

खड्ड्याच्या काठापासून पहिली ओळ एक फुटावर घ्या. दगड सहज सुटला तर पुढची अंतरे सव्वा ते दीड फुटापर्यंत वाढवा. दोन भोकांमधले अंतरही साधारण तेवढेच ठेवा. आखणी खडूने न करता तेलरंगाने करा, कारण खडू पाण्याने लगेच पुसला जातो.

भोकाची खोली पाचरेच्या पोहोचीपेक्षा नेहमी थोडी जास्त हवी. पाचर पुढे सरकताना तिचे टोक भोकाच्या तळाला टेकले तर जोर बाजूंना जाण्याऐवजी टोकावर येतो आणि पाचर मोडते. पाचर महाग असते आणि भाड्याच्या करारात तिची जबाबदारी बहुधा घेणाऱ्यावर असते. आम्ही पाचरेपेक्षा चार इंच जास्त, म्हणजे सुमारे सव्वादोन फूट खोल भोके पाडत होतो. भोक सरळ हवे. झिजलेल्या बिटने पाडलेले भोक तळाकडे निमुळते होते आणि त्यात पाचरेच्या दोन बाजूंच्या पोलादी पट्ट्या अडकतात. म्हणून रोज सकाळी बिटचा व्यास मोजा.

ड्रिल पाणी सोडूनच चालवा. विहिरीत धुळीला बाहेर पडायला वाट नसते. काळ्या पाषाणात गारगोटीचे प्रमाण कमी असले तरी त्याच्या पोकळ्यांत ती भरलेली असते आणि तिची धूळ फुप्फुसात कायमची बसते. तोंडाला रुमाल बांधणे म्हणजे मास्क नव्हे. कानात बोळे हवेत, आणि अर्ध्या-पाऊण तासाने ड्रिलवरचा माणूस बदला. बोटे बधिर किंवा पांढरी पडू लागली तर त्याला त्या दिवशी पुन्हा ड्रिल देऊ नका. हवेच्या पाइपच्या प्रत्येक जोडाला सुरक्षा साखळी बांधा. सुटलेला पाइप चाबकासारखा फिरतो.

७. स्प्लिटर चालवणे

यंत्राचे काम वडारांच्या पाचरेसारखेच आहे. दोन बाजूंना पोलादी पट्ट्या, मध्ये पाचर. फरक इतकाच, की घणाऐवजी तेलाचा दाब तिला आत ढकलतो. आमच्या गावातले एक वृद्ध वडार काठावर बसून पाहत होते. थोड्या वेळाने ते ऑपरेटरला म्हणाले, “बाळा, पट्टी फिरव. तू दगडाला भिंतीकडं ढकलतोयस.” नेमके तेच चुकत होते.

पट्ट्या ज्या दोन बाजूंना सरकतात त्या दिशेने जोर पडतो आणि तडा त्याला काटकोनात जातो. म्हणून पट्ट्यांची एक बाजू नेहमी मोकळ्या खड्ड्याकडे तोंड करून हवी. यंत्र भोकात घालताना ते फिरवून ही दिशा जुळवणे हे ऑपरेटरचे खरे कसब आहे. यानंतरचा क्रम असा:

भोक हवेने फुंकून साफ करा. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला आणि पाचरेला जाड दाबाचे ग्रीस दर भोकाला लावा, कारण कोरडी पाचर जोर दगडाऐवजी घर्षणात घालवते. पाचर मागे घेतलेल्या स्थितीत यंत्र पूर्ण आत बसवा. ते यारीच्या दोराने सैल टांगलेले असू द्या, म्हणजे दगड सुटताना पायावर येत नाही. मग लिव्हर पुढे करा आणि काट्याकडे पाहा. दाब चढत जातो, मग ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि काटा झर्रकन खाली येतो. तडा आधी केसाएवढा असतो. पाचर पूर्ण पुढे जाऊ द्या, म्हणजे तो बोटभर उघडतो. आणखी उघडायचा असेल तर पाचर मागे घ्या, जाड पट्ट्या बसवा आणि पुन्हा चालवा. एका ओळीतली सर्व भोके थोडी थोडी ताणून मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली तर तडा ओळीने जोडला जातो.

काटा टोकाला जाऊन अर्धा मिनिट तिथेच राहिला आणि आवाज नाही, तर थांबा. पट्ट्यांची दिशा तपासा, नाहीतर मोकळ्या बाजूच्या जवळ नवे भोक घ्या. यंत्र भोकातून वर उचलले जात असेल तर भोक मोठे झाले आहे किंवा पट्ट्या नीट बसलेल्या नाहीत. वरून पाय देऊन दाबणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

पाचर अडकली तर यारीने ओढू नका. आमच्याकडे तसे एकदा केले आणि पट्टीचा कान तुटला. अडकलेल्या यंत्राशेजारी चार-सहा इंचांवर दुसरे भोक पाडून तिथला दगड मोकळा केला की यंत्र आपोआप सुटते.

तेलाची गळती हाताने चाचपून शोधू नका. पाचशे बार दाबाची बारीक धार हातमोज्यासकट कातडीत शिरते. बाहेर फक्त टाचणीएवढे छिद्र दिसते, पण आत तेल पसरते आणि काही तासांत शस्त्रक्रिया केली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती पाहा. धार लागलीच तर दुखत नसले तरी लगेच शल्यचिकित्सकाकडे जा आणि हायड्रॉलिक तेल आत गेले आहे हे स्पष्ट सांगा.

८. दगड वर काढणे आणि मोजमाप

यारीचा मागचा भार, दोर आणि बादलीचे कडे रोज सकाळी पाहा. बादली वर जात असताना खालच्यांनी काठाच्या भिंतीला चिकटून उभे राहावे. एवढे पाळले की या भागात फारसे सांगण्यासारखे उरत नाही.

मोजमापाचे मात्र सांगितले पाहिजे. आमचे काम १६ फूट व्यास आणि ८ फूट खोली, म्हणजे सुमारे १,६०० घनफूट, १६ ब्रास. वजन अदमासे सव्वाशे टन. हाच दगड फुटून वर आला की पोकळ्यांमुळे दीडपट होतो आणि ट्रॉलीने मोजला तर चोवीस ब्रास भरतो. कंत्राट ‘ब्रासला इतके’ असे तोंडी ठरले असेल तर शेवटी कोणता ब्रास यावर भांडण हमखास होते. करारात ‘विहिरीतील जागेवरील मापाप्रमाणे’ हे शब्द लिहून घ्या आणि काम सुरू होण्यापूर्वी काठावरून तळापर्यंतचे माप चार ठिकाणी घेऊन दोघांच्या सह्या घ्या.

वेळेचा हिशेबही याच आकड्यांवरून करता येतो. सव्वा फुटाच्या अंतराने आणि दोन फूट उपयोगी खोलीने एका भोकामागे सुमारे तीन घनफूट दगड सुटतो, म्हणजे पाचशेहून अधिक भोके लागतात. एका भोकाला आमच्याकडे सहा-सात मिनिटे लागत. फोडणे मिनिट-दोन मिनिटांचे असते, दिवस खातात ते ड्रिल आणि यारी. ‘आठवड्यात करून देतो’ म्हणणाऱ्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

९. काठाकडची शेवटची फेरी

भिंतीपासून शेवटचा एक फूट राहिला की अंतरे निम्मी करा आणि पट्ट्यांचा जोर कटाक्षाने मधल्या खड्ड्याकडे ठेवा. भिंतीतून पाझर येत असलेल्या सांध्यांजवळ हातछिन्नीने काम करा. जुन्या भिंतीच्या सरळ रेषेत खाली न येता चार-सहा इंच आत घ्या, म्हणजे वरच्या बांधकामाखाली एक पायरी राहते आणि पुढे गाळ काढताना पाय ठेवायलाही ती उपयोगी पडते.

थर बदलला, सच्छिद्र खडक लागला आणि पाणी एकदम वाढले, तर ठरलेली खोली गाठण्याच्या हट्टाने पंपाशी झुंजत बसू नका. आम्हांला साडेसहा फुटांवर असा थर लागला आणि तळात तासाला पाऊण फूट पाणी चढू लागले. त्या संध्याकाळी स्प्लिटर पुसून, पाचर मागे घेऊन, पाइपांची तोंडे झाकून परत पाठवला. उरलेल्या दीड फुटाचे पैसे कंत्राटातून वजा झाले, कारण माप जागेवरचे लिहिलेले होते.